एक संकट, एक वर्ष: कॉलेजात वंशसंहार अभ्यास मंडळ कसं चालवायचं

२०१९च्या ऑगस्टमधला पूर ओसरला आणि शिरोळ तालुक्यातल्या माझ्या एका विद्यार्थिनीनं घरातली पत्र्याची ट्रंक अंगणात रिकामी केली. तळातल्या कागदांचा लगदा झाला होता. वरच्या कप्प्यातलं एक पाकीट तेवढं वाचलं होतं, ते ती वर्गात घेऊन आली. आजोबांना आलेलं पत्र. पाकीट पिवळं पडलेलं, एका बाजूनं ओल लागून फुगलेलं. नेहमीच्या तिकिटाशेजारी आणखी एक छोटं तिकीट, किंमत ५ पैसे, आणि त्यावर इंग्रजीत छापलेलं ‘रेफ्युजी रिलीफ’. “मॅडम, हे कशासाठी?” तिनं विचारलं.

२५ मार्च १९७१च्या रात्री पाकिस्तानी लष्करानं ढाक्यात ‘ऑपरेशन सर्चलाइट’ सुरू केलं. ढाका विद्यापीठाच्या जगन्नाथ हॉल वसतिगृहात घुसून विद्यार्थ्यांना गोळ्या घातल्या. पुढच्या काही महिन्यांत सुमारे एक कोटी माणसं सीमा ओलांडून भारतात आली. त्यांच्या छावण्यांच्या खर्चाला हातभार म्हणून नोव्हेंबर १९७१पासून सरकारनं टपालावर हे पाच पैशांचं जादा तिकीट सक्तीचं केलं. म्हणजे ज्यानं कुणी ते पत्र टाकलं, त्यानं आपल्या खिशातले पाच पैसे त्या माणसांसाठी दिले होते, आणि त्या घरात कुणाला याचा पत्ता नव्हता.

आमचं मंडळ तेव्हा दोन वर्षांचं होतं. २०१७च्या सप्टेंबरात, रोहिंग्यांचे लोंढे म्यानमारमधून बांगलादेशात जात होते तेव्हा, सात मुलांनी ते सुरू केलं. चुका झाल्या, काही गोष्टी जमल्या. असं मंडळ काढू पाहणारी मुलं आणि सहकारी शिक्षक अधूनमधून विचारतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. माझं म्हणणं एवढंच, की वर्षाला एकच संकट घ्या, ते मराठीत समजून घ्या, मराठीत सांगा, आणि तपासल्याशिवाय एक शब्द, एक आकडाही बाहेर जाऊ देऊ नका.

आधी शब्द

पहिल्या बैठकीत फळ्यावर चार शब्द लिहा: हत्याकांड, नरसंहार, वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे. मराठी वर्तमानपत्रांत पहिले तीन एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. मंडळात तसं चालणार नाही.

राफाएल लेमकिन या पोलंडमधल्या ज्यू वकिलानं १९४४ मध्ये ‘जेनोसाइड’ म्हणजे वंशसंहार हा शब्द घडवला. ‘जेनोस’ म्हणजे ग्रीकमध्ये वंश किंवा जमात, आणि ‘साइड’ हा लॅटिनमधला मारण्याचा प्रत्यय. लेमकिनच्या नात्यातली ४९ माणसं नाझींनी मारली. त्याच्या अथक पाठपुराव्यातून ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी वंशसंहारविरोधी करार स्वीकारला. भारतानं त्याला १९५९ मध्ये औपचारिक मान्यता दिली.

कराराचं दुसरं कलम मुलांकडून मोठ्यानं वाचून घ्या. राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक गट, तो पूर्णतः किंवा अंशतः नष्ट करण्याच्या हेतूनं, पाचपैकी एखादं कृत्य: गटातल्या माणसांना ठार मारणं, त्यांना गंभीर शारीरिक किंवा मानसिक इजा करणं, गट संपून जाईल अशी जगण्याची परिस्थिती मुद्दाम लादणं, जन्म रोखणं, मुलं जबरदस्तीनं दुसऱ्या गटाकडे नेणं. सगळं अडतं ते ‘हेतू’ या शब्दापाशी. मृतांची संख्या कितीही मोठी असली तरी हेतू सिद्ध झाल्याशिवाय न्यायालय हा शब्द वापरत नाही. उलट, मारलेल्यांची संख्या तुलनेनं कमी असली तरी वंशसंहार ठरू शकतो. जुलै १९९५ मध्ये बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सात ८,०००हून अधिक मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले गेले, आणि तो वंशसंहार होता असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय न्यायालयांनी दिला.

मुलांना हे पटायला वेळ लागतो. कंबोडियाचं उदाहरण द्या. एप्रिल १९७५ ते जानेवारी १९७९ या काळात ख्मेर रूज या कम्युनिस्ट संघटनेच्या राजवटीत १७ ते २० लाख माणसं मेली. त्यातली बहुतेक ख्मेरच होती, म्हणजे मारणाऱ्यांच्याच जमातीची. २०१८ मध्ये वंशसंहाराबद्दल शिक्षा झाली ती मात्र चाम मुस्लिम आणि व्हिएतनामी लोकांच्या बाबतीत. बाकीचे मृत्यू ‘मानवतेविरुद्धचे गुन्हे’ या नावाखाली आले. राजकीय गट किंवा आर्थिक वर्ग करारात बसतच नाहीत. इथे कुणीतरी हमखास म्हणतं, “मग त्यांचं मरण कमी दर्जाचं का?” हा प्रश्न आला की पहिली बैठक सार्थकी लागली असं मी समजते. उत्तर ‘नाही’ असंच आहे, आणि म्हणूनच शब्द जपून वापरायचा. ज्या प्रकरणाचा निकाल लागलेला नाही, तिथे ‘वंशसंहाराचा आरोप’ असं लिहा आणि आरोप कुणाचा तेही लिहा.

मंडळ उभं करणं

याची फार चिंता करू नका. इतिहास, राज्यशास्त्र किंवा मराठी विभागाच्या एका शिक्षकाला तयार करा, प्राचार्यांना एक पानी अर्ज द्या. अर्जात तीन गोष्टी हव्यात: मंडळाचं नाव, वर्षभराच्या कार्यक्रमांच्या तारखा, जबाबदार शिक्षकाची सही. ‘आंदोलन’, ‘निषेध’ असे शब्द अर्जात घालून उगाच अडचण ओढवून घेऊ नका, कारण मंडळ खरोखरच अभ्यासासाठी आहे. राष्ट्रीय सेवा योजना किंवा वाङ्मय मंडळ यांच्याबरोबर जोडून घेतलंत तर खोली, माइक आणि प्रोजेक्टर मिळणं सोपं जातं. प्रत्येक कार्यक्रमाचा अहवाल आणि दोन फोटो कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाला (आयक्यूएसी) वेळेवर पोचवा. नॅकच्या फाइलला त्याचा उपयोग होतो आणि पुढच्या वर्षी परवानगीसाठी खेटे घालावे लागत नाहीत.

सात-आठ जण पुरेत. आम्ही गुरुवारी अडीच ते चार बसतो, कारण सव्वाचारची एसटी चुकली तर निम्म्या मुलींना घरी पोचायला अंधार पडतो. बैठकीची वेळ अशीच ठरवा, आधी बसचं वेळापत्रक आणि मग बाकी सगळं. शहरातल्या कॉलेजात हा प्रश्न नसेल, पण तालुक्याच्या कॉलेजात मंडळं बंद पडतात ती बहुधा याच कारणानं.

कामं वाटून द्या. दोघं वाचून सारांश काढणारे, दोघं भाषांतर करणारे, एक जण भित्तिपत्रकाचा, एक जण नोंदवही सांभाळणारा. आणि एक तपासनीस. तपासनिसाच्या सहीशिवाय काहीही फलकावर लागत नाही, हा आमचा एकमेव कडक नियम. तो का करावा लागला ते पुढे सांगते.

एकच संकट का

गाझा, सुदान, म्यानमार, येमेन असं सगळं एका फलकावर लावलं की वाचणारा थकतो, लावणाऱ्यालाही नीटसं काही माहीत नसतं. वर्षासाठी एक निवडा. त्याच्या जोडीला समजून घेण्यासाठी एक जुनं, निकाल लागलेलं प्रकरण घ्या. माझी शिफारस विचाराल तर जुन्यासाठी रवांडा आणि चालू संकटासाठी सुदानमधलं दारफूर.

दारफूर अशासाठी, की जगभरच्या विद्यार्थ्यांनी एखादं संकट हाती घेतलं, त्याचं काय झालं, काय चुकलं, हे त्यात अगदी स्पष्ट दिसतं.

२००३ मध्ये दारफूरमध्ये बंडखोरांनी सरकारविरुद्ध शस्त्रं उचलली. राजधानी खार्तूममधल्या सरकारनं जंजावीद या सशस्त्र टोळ्या हाताशी धरून फर, मसालीत, झगावा या जमातींची गावं जाळायला सुरुवात केली. २००४च्या सुमारास वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी ‘स्टँड’ ही संघटना काढली, आणि पाहता पाहता शेकडो शाळा-कॉलेजांत तिच्या शाखा निघाल्या. त्यांनी एक नेमकी मागणी धरली: आमच्या विद्यापीठाचा पैसा सुदान सरकारला हातभार लावणाऱ्या कंपन्यांत गुंतवलेला असेल तर तो काढून घ्या. २००५ मध्ये हार्वर्डनं पेट्रोचायना या तेल कंपनीतली गुंतवणूक काढली, २००६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठानं सुदानशी संबंधित कंपन्यांबाबत तसाच निर्णय घेतला. आपल्या हातात खरोखर काय आहे हे त्या मुलांनी शोधून काढलं. मला त्या चळवळीतलं हे सगळ्यात मोलाचं वाटतं.

पण दुसरी बाजूही शिकवा. २००४ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांनी याला वंशसंहार म्हटलं. २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगानं सांगितलं, की सरकारचं वंशसंहाराचं धोरण असल्याचं दिसत नाही, मात्र जे घडलं त्याचं गांभीर्य त्यामुळे कमी होत नाही. घटना त्याच, नाव दोन. पुढे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं राष्ट्राध्यक्ष ओमर अल-बशीर यांच्याविरुद्ध २००९ मध्ये वॉरंट काढलं आणि २०१० मध्ये त्यात वंशसंहाराचा आरोप घातला. दरम्यान, मुंबईत जन्मलेले आणि युगांडात वाढलेले अभ्यासक महमूद ममदानी यांनी या मोहिमेवर कडक टीका केली. जमिनीचा, दुष्काळाचा, सत्तेचा सगळा गुंता पुसून टाकून तिनं ‘अरब विरुद्ध आफ्रिकी’ असं सोपं चित्र उभं केलं, असं त्यांचं म्हणणं. ब्रिटनच्या जाहिरात मानक संस्थेनंही २००७ मध्ये बजावलं, की चार लाख मृत्यूंचा आकडा हे निर्विवाद सत्य असल्यासारखा जाहिरातीत देऊ नका. त्या आकड्याबद्दल जाणकारांत मतभेद होते.

आणि मग लोकांचं लक्ष उडालं. जंजावीदमधूनच पुढे ‘रॅपिड सपोर्ट फोर्सेस’ हे निमलष्करी दल उभं राहिलं. १५ एप्रिल २०२३ला या दलाचं आणि लष्कराचं युद्ध पेटलं. त्याच वर्षी दारफूरमधल्या अल-जनेइना शहरात मसालीत लोकांच्या कत्तली झाल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये झमझम या विस्थापितांच्या छावणीत दुष्काळ जाहीर झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये जंजावीदचा एक म्होरक्या अली कुशायब याला आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं वीस वर्षांपूर्वीच्या गुन्ह्यांबद्दल दोषी धरलं, आणि त्याच महिन्याच्या शेवटी, दीड वर्षाच्या वेढ्यानंतर, दारफूरमधलं अल-फाशेर शहर त्या जंजावीदच्या वारसांच्या हाती पडलं. एक कोटीहून अधिक माणसं घराबाहेर आहेत. आमच्या बीएच्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलानं फळ्यावर २००३ ते २०२५ अशी रेघ मारली आणि २००९ ते २०२३च्या मधल्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवून विचारलं, “मॅडम, इथे कुणीच बघत नव्हतं का?”

पहिले आठ आठवडे फक्त वाचा

घाई नको. भित्तिपत्रक नाही, पोस्ट नाही, कार्यक्रम नाही. रवांडापासून सुरुवात करा.

६ एप्रिल १९९४ला राष्ट्राध्यक्ष हब्यारिमाना यांचं विमान पाडलं गेलं. दुसऱ्या दिवसापासून सुमारे शंभर दिवसांत कट्टर हुतू गटांच्या हातून आठ ते दहा लाख माणसं मारली गेली. बहुतेक तुत्सी या अल्पसंख्याक जमातीची, आणि त्यांना वाचवू पाहणारे किंवा कत्तलीला विरोध करणारे हुतूही. २१ एप्रिलला, कत्तल ऐन भरात असताना, सुरक्षा परिषदेनं तिथली शांतिसेना सुमारे अडीच हजारांवरून २७०वर आणण्याचा ठराव केला. ही तारीख मुलांना लक्षात ठेवायला सांगा.

एक पूर्ण बैठक रेडिओला द्या. ‘रेडिओ मिल कोलिन’ या केंद्रावर गाणी लागत, विनोद होत, आणि त्यातच तुत्सींना ‘इन्येंझी’ म्हणजे झुरळं म्हटलं जाई, अमुक माणूस अमुक ठिकाणी लपलाय असं नाव घेऊन सांगितलं जाई. २००३ मध्ये रवांडासाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानं या केंद्राशी आणि ‘कांगुरा’ या नियतकालिकाशी संबंधित तिघांना दोषी धरलं. त्या खंडपीठाच्या प्रमुख होत्या नवी पिल्ले, दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीय वंशाच्या न्यायाधीश. त्याआधी २ सप्टेंबर १९९८ला ताबा या विभागाचा महापौर जाँ-पॉल अकायेसू याला वंशसंहाराबद्दल दोषी धरलं गेलं, तेव्हाही त्या खंडपीठावर होत्या. कुठल्याही आंतरराष्ट्रीय न्यायालयानं वंशसंहाराबद्दल कुणाला दोषी धरण्याची ती पहिलीच वेळ. बलात्कार हेही वंशसंहाराचं साधन असू शकतं, हे त्या निकालानं पहिल्यांदा मान्य केलं.

निकालपत्रं इंग्रजीत आहेत, लांबलचक आहेत. आमच्या मुलांना सुरुवातीला त्यांची धास्ती वाटायची. उपाय साधा आहे. प्रत्येकाला एकेका साक्षीदाराच्या जबानीचं एक पान द्या आणि ते मराठीत करायला सांगा. आठवड्याला एक पान. भाषांतर करताना वरवरचं वाचन चालत नाही. एका मुलीनं ‘शेजारी’ या शब्दापाशी अर्धा तास घालवला. साक्षीदार ज्यांना शेजारी म्हणत होती तेच कोयते घेऊन आले होते, आणि या वाक्यात ‘शेजारी’ लिहायला तिचा हात धजेना. शेवटी तिनं तोच शब्द ठेवला. वर्षाअखेरीस अशी चाळीसेक पानं जमली, ती झेरॉक्स करून ग्रंथालयात ठेवली. मराठीत या विषयावर वाचायला फार थोडं आहे, त्यात तेवढीच भर.

ग्रेगरी स्टँटन यांनी मांडलेले वंशसंहाराचे टप्पेही मुलांना दाखवा. ‘आपण’ आणि ‘ते’ अशा विभागणीपासून घडल्याचा इन्कार करण्यापर्यंतचे. आधी ते आठ होते, पुढे दहा झाले. फक्त सावध करा: हे टप्पे शिकले की मुलांना प्रत्येक बातमीत चौथा नाहीतर पाचवा टप्पा दिसायला लागतो. आधी रवांडाच्या घटना त्यात बसवून पाहू द्या, म्हणजे मोजमाप हातात येतं.

आकडा आणि फोटो

आता तपासनिसाची गोष्ट. आमच्या पहिल्याच भित्तिपत्रकावर आम्ही रोहिंग्यांचा म्हणून एक फोटो लावला. चिखलातून चालणारी बाई, कडेवर मूल. चार दिवसांनी रसायनशास्त्राच्या एका विद्यार्थ्यानं दाखवून दिलं, की तो वेगळ्या देशातला, कित्येक वर्षांपूर्वीचा फोटो आहे. फोटो काढला, पण त्या दिवसापासून त्या फलकावरचं खरं असलेलंही कुणी मानेना. “तुमचं काय, तुम्ही कुठलेही फोटो लावता,” हे वाक्य मला वर्षभर ऐकावं लागलं. त्या बाईचंही आम्ही नुकसान केलं, तिचं दुःख भलत्याच नावावर लावलं. याचं मला अजून वाईट वाटतं.

नेमकं हेच हत्यार दुसरी बाजूही वापरते. २०१८ मध्ये म्यानमारच्या लष्करानं रोहिंग्यांवर एक पुस्तक काढलं. त्यातला एक फोटो रोहिंग्यांनी केलेल्या हत्यांचा म्हणून छापला होता, तो होता १९७१च्या ढाक्यातला. दुसरा, म्यानमारमध्ये घुसणाऱ्या लोकांचा म्हणून दिलेला, टांझानियातल्या रवांडन निर्वासितांचा निघाला. रॉयटर्सनं ते उघड केलं.

तेव्हा प्रत्येक फोटोसाठी चार गोष्टी वहीत लिहून काढा: कुणी काढला, कुठे, कधी, आणि पहिल्यांदा कुठे छापून आला. गूगल लेन्सवर फोटो टाकून त्याची सगळ्यात जुनी आवृत्ती शोधा. चारपैकी एकही रकाना रिकामा राहिला तर फोटो लावू नका. नकाशा लावा. नकाशात खोटेपणाला जागा कमी असते, आणि दारफूर कुठे आहे हे बहुतेकांना माहीतच नसतं.

आकड्यांचंही तसंच. मृतांचा आकडा लिहिताना तो कुणाचा, कोणत्या तारखेचा, आणि मोजलेला की अंदाजाचा, हे शेजारीच लिहा. १९७१च्या मृतांचा बांगलादेश सरकारचा आकडा ३० लाख आहे, अनेक संशोधकांचे आकडे त्याहून पुष्कळ कमी आहेत. दोन्ही लिहा. आकडा मोठा दाखवला म्हणजे वाचणारा जास्त हलतो, हा समज चुकीचा आहे. विस्थापितांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेची आकडेवारी, अन्न आणि मदतीसाठी ‘रिलीफवेब’ या मदतकार्याच्या संकेतस्थळावरचे अहवाल, कायद्यासाठी न्यायालयांची स्वतःची संकेतस्थळं, एवढं पुरतं. व्हॉट्सॲपवर आलेलं काहीही, मग ते आपल्या मताचं का असेना, आधार म्हणून चालणार नाही.

फलक आणि कार्यक्रम

मृतदेहांचे फोटो लावायचे नाहीत. हे मी आग्रहानं सांगते. मेलेल्या माणसाची परवानगी घेता येत नाही, आणि पाहणारा मान फिरवून निघून जातो. त्याऐवजी जगणं दाखवा: मसालीत लोक काय पिकवायचे, अल-फाशेरच्या बाजारात काय विकलं जायचं, वेढ्याच्या शेवटच्या महिन्यांत माणसांनी अंबाझ खाऊन दिवस काढले. अंबाझ म्हणजे शेंगदाण्याचं तेल काढल्यावर उरणारी पेंड, तिथे ती जनावरांना घालतात. पेंड म्हणजे काय ते आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या मुलाला समजावून सांगावं लागत नाही. आम्ही घाण्यावरून पेंडीचा तुकडा आणून फलकाखाली बशीत ठेवला होता, बाजूला दोन ओळींची चिठ्ठी. मुलं थांबायची, हातात घ्यायची, वास घ्यायची. त्या फलकाइतकी गर्दी आमच्या दुसऱ्या कुठल्याही फलकासमोर झाली नाही.

वर्षात तीन कार्यक्रम पुरेसे आहेत. तारखा ठरलेल्याच आहेत: ९ डिसेंबर, वंशसंहारविरोधी करार स्वीकारला तो दिवस, २७ जानेवारी, आउशवित्झ छावणी मुक्त झाली तो दिवस, आणि ७ एप्रिल, रवांडाचा स्मृतिदिन. एप्रिलमध्ये परीक्षांची गडबड असते, तेव्हा छोटासा वाचनाचा कार्यक्रम करा. ९ डिसेंबरला मोठा करा.

मोठा म्हणजे काय? पन्नास मिनिटं, त्याहून एक मिनिट जास्त नाही. पाच मिनिटं नकाशा आणि इतिहास, वीस मिनिटं मुलांनी स्वतः भाषांतर केलेल्या जबान्यांचं वाचन, पंधरा मिनिटं प्रश्न, बाकीचा वेळ ‘आता काय’ यासाठी. वाचन अभिनय न करता, सपाट आवाजात हवं. पहिल्या वर्षी एकानं रडत वाचलं तेव्हा सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडेच गेलं. पाहुणे, हार-तुरे, दीपप्रज्वलन, स्वागतगीत यांना फाटा द्या. प्राचार्यांना हे आधी समजावून सांगा. आमच्याकडे ते लगेच ऐकलं गेलं.

वळिवडे

कोल्हापूर परिसरातल्या कॉलेजांनी एक दिवस वळिवड्याला द्यावा. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत सत्तेनं पोलंडमधल्या लाखो लोकांना सायबेरिया आणि कझाकस्तानात हद्दपार केलं. त्यातून सुटलेले काही इराणमार्गे भारतात आले. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहिली, त्यात बायका आणि मुलंच जास्त. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं होत. ते गेले आणि फाळणीनं उखडलेली सिंधी कुटुंबं त्याच बराकींत आली. ते आजचं गांधीनगर. कापडाच्या खरेदीला आपण सगळे तिथे जातो. कोल्हापुरात महावीर उद्यानात पोलिश लोकांच्या आठवणीचा स्तंभ आहे, आणि वॉर्सात कोल्हापूरचं स्मारक आहे.

मुलांना नुसतं फिरवून आणू नका. गांधीनगरातल्या एखाद्या वयस्कर सिंधी आजींशी किंवा आजोबांशी बोलू द्या, वळिवड्यातल्या जुन्या घरांत पोलिश मुलांच्या आठवणी विचारू द्या. आधी परवानगी घ्या, प्रश्न कागदावर काढा, रेकॉर्डिंग करण्यापूर्वी विचारा, आणि लिहिलेलं त्यांना वाचून दाखवा. मराठवाड्यातल्या मुलांना तर घराबाहेर जायचीही गरज नाही. रझाकारांचा अत्याचार आणि सप्टेंबर १९४८च्या पोलीस कारवाईनंतर झालेल्या मुस्लिमांच्या कत्तली, ज्यांत किमान २७ ते ४० हजार माणसं मेल्याचा अंदाज सुंदरलाल समितीनं केला, या दोन्हींच्या आठवणी आजी-आजोबांकडे आहेत. दोन्ही ऐकायच्या. एकच ऐकणार असाल तर ते काम हाती घेऊ नका.

अवघड प्रश्न

“लांबच्या देशांचं कशाला, आपल्याकडचं बोला ना.” हा प्रश्न प्रत्येक कार्यक्रमात येतो. विचारणाऱ्याच्या मनात कधी १९८४ असतं, कधी काश्मिरी पंडित, कधी २००२, कधी खैरलांजी. त्याला गप्प करू नका. “या विषयावर आठ आठवडे आमच्याबरोबर वाचायला ये, पुढच्या वर्षी तोच घेऊ,” असं म्हणा आणि खरोखर घ्या. बहुतेक जण येत नाहीत. जे आले त्यांतले दोघं पुढे मंडळाचे सचिव झाले.

गाझाचा विषय निघाला की आवाज चढतात. तेव्हा समोर फक्त नोंदलेलं ठेवा. ७ ऑक्टोबर २०२३च्या हमासच्या हल्ल्यात इस्राएलमध्ये सुमारे १,२०० माणसं मारली गेली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली गेली. त्यानंतरच्या इस्राएली कारवाईत गाझाच्या आरोग्य मंत्रालयाच्या नोंदीप्रमाणे ६० हजारांहून अधिक माणसं मेली. दक्षिण आफ्रिकेनं डिसेंबर २०२३ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात इस्राएलविरुद्ध वंशसंहाराचा दावा दाखल केला, न्यायालयानं जानेवारी २०२४ मध्ये अंतरिम आदेश दिले, अंतिम निकाल अजून यायचा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगानं इस्राएल वंशसंहार करत असल्याचा निष्कर्ष काढला. अध्यक्षस्थानी तेव्हा पुन्हा नवी पिल्लेच होत्या. इस्राएल हे साफ नाकारतं. हे फळ्यावर लिहिल्यावर वाद संपत नाही, पण निदान वाद कशावर आहे ते सगळ्यांना दिसतं. सभागृहात ज्या धर्माची किंवा देशाची मुलं संख्येनं कमी असतील, त्यांच्याकडे उत्तरं मागायची नाहीत, हा नियम आधीच जाहीर करा. मुस्लिम विद्यार्थिनीला सुदानबद्दल ‘तुमचे लोक’ म्हणून विचारलेलं मी ऐकलं आहे. तिथल्या तिथे थांबवा.

कॉलेजच्या आवाराबाहेर निदर्शनं किंवा सभा करायची तर पोलिसांची लेखी परवानगी लागते. मुंबईत निदर्शनांसाठी आझाद मैदान ठरवून दिलेलं आहे. मोर्चाला जायचं की नाही हे ज्यानं त्यानं ठरवावं, पण मंडळाच्या नावावर नाही. शिकणाऱ्या मुलांवर गुन्हा नोंदला गेला तर पासपोर्ट, नोकरी सगळीकडे त्रास होतो, याची जाणीव शिक्षकानं द्यायलाच हवी.

पैसे

वैयक्तिक यूपीआयवर एक रुपयाही घेऊ नका. परदेशात परस्पर पैसे पाठवायच्या फंदात तर पडूच नका. मदत गोळा करायची असेल तर संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था, युनिसेफ किंवा डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स यांच्या भारतातल्या अधिकृत पानाचा क्यूआर कोड लावा. ज्याचे पैसे त्यानं थेट द्यावेत, पावती ज्याच्या त्याच्या नावावर.

मनाची काळजी

हे वाचून झोप उडते. सलग दोन आठवडे एकाच मुलाला जबान्या देऊ नका, मध्ये नकाशाचं, तारखांचं काम द्या. लैंगिक अत्याचाराचा मजकूर असेल तर आधी सांगा, आणि नको म्हणणाऱ्याला कारण विचारू नका. बैठकीनंतर आम्ही कँटीनमध्ये चहा पितो आणि तिथे हा विषय काढायचा नाही असं ठरलेलं आहे. कुणी सतत गप्प राहायला लागलं, जेवण टाळायला लागलं तर घरच्यांशी आणि समुपदेशकाशी बोला.

पुढच्या वर्षाकडे सोपवताना

मार्चच्या शेवटच्या गुरुवारी तिसऱ्या वर्षाची मुलं फाइल दुसऱ्या वर्षाकडे देतात. फाइलमध्ये काय हवं ते सांगते: तपासनिसाची वही, भाषांतरांच्या प्रती, परवानग्यांचे अर्ज, मंडळाच्या ईमेलचा पासवर्ड बंद पाकिटात, आणि चुकांची यादी, कुठलाही आडपडदा न ठेवता लिहिलेली. आमच्या यादीत पहिला नंबर त्या फोटोचा आहे.

याशिवाय एक साधी वही असते. दर गुरुवारी कुणीतरी एक जण त्या वर्षीच्या संकटाची ताजी स्थिती तीन ओळींत लिहितो, बातम्यांत काही नसलं तरी. ‘आज वर्तमानपत्रांत सुदानबद्दल काहीही नाही’ अशा नोंदी तीत बऱ्याच आहेत. आणि मध्येच एक नोंद आहे, निळ्या पेनानं, घाईत लिहिलेली: ‘अल-फाशेरहून पळालेले लोक तवीलाला पोचत आहेत. अंतर साठेक किलोमीटर. बरेचसे चालत.’ त्याखाली लिहिणाऱ्यानं कंसात टाकलं आहे: (शिरोळ ते कोल्हापूर याहून कमी.)